पेटीला खांदा

विमानाच्या पोटात वाकून वाकून ज्याची कंबर कामातून गेली, त्याला कुणी सांगितलं, ‘तुमची नोकरी या एक तारखेपासून सुरू झाली बरं का,’ तर त्या माणसाने काय करावं? हसावं, की समोरच्याच्या कानाखाली जाळ काढावा? दशरथ ओव्हाळने यातलं काहीच केलं नाही. तो ऑफिसातल्या श्रद्धा मॅडमना म्हणाला, ‘‘जरा पाणी मिळेल का?’’ पाणी प्याला आणि खुर्चीत तसाच बसून राहिला. भांडावं लागणार हे त्याला कळत होतं. पण त्या घडीला उठून उभं राहायचाच कंटाळा आला होता.

दशरथ राहायचा विश्रांतवाडीला आणि कामाला लोहगावच्या विमानतळावर. ‘नीलगगन’ कंपनीचा लोडर. तुम्ही आम्ही विमानात बसतो तेव्हा हवाईसुंदरी हात जोडून हसते, आणि आपल्या पायाखाली, जिथे धड उभंही राहता येत नाही अशा जागेत, दोन माणसं गुडघ्यांवर सरकत आपल्या बॅगा रचत असतात. त्यातला एक दशरथ. उन्हाळ्यात आत नुसती भट्टी. पण नोकरी पक्की होती, गणवेश होता, आणि नीलगगनच्या कामगारांची युनियन होती. पुण्याचा सेक्रेटरी दशरथच. दर निवडणुकीला तो म्हणायचा, ‘‘या खेपेला दुसऱ्या कुणाला तरी करा रे बाबांनो.’’ सगळे माना डोलवायचे आणि पुन्हा त्यालाच करायचे. दुसऱ्याच्या गळ्यात घोंगडं टाकण्यात आपले लोक फार उदार.

तर ‘कावेरी एअर’ने ‘नीलगगन’ विकत घेतली. वर्तमानपत्रांनी त्याला विलीनीकरण असं गोंडस नाव दिलं. दोन्हीकडच्या साहेबांनी मिठ्या मारल्याचे फोटो आले, निळा आणि केशरी असा दोन थरांचा केक कापला गेला. साहेबांचं लग्न लागलं आणि इकडे वऱ्हाडात डोकी फुटायची वेळ आली. कारण साधं होतं. दोन्हीकडचे मिळून लोडर जास्त झाले होते आणि जास्तीची माणसं कंत्राटदाराकडे जाणार होती. जायचं कुणी? ज्याची नोकरी कमी, त्याने आधी. आणि कंपनीचं म्हणणं असं की नीलगगनवाल्यांची नोकरी विलीनीकरणाच्या दिवसापासून धरायची. म्हणजे परवा लागलेलं कावेरीचं पोरगं वर आणि दशरथ खाली. आधीची सगळी वर्षं पाण्यात. कंत्राटदाराकडे गेलेल्या माणसाचं काय होतं हे येरवड्यापासून धानोरीपर्यंत कुणालाही विचारा. आज बोलावलं म्हणून उद्या बोलावतीलच असं काही नसतं.

बरं, कावेरीचे लोडर काही राक्षस नव्हते. त्यांच्या युनियनचा सेक्रेटरी सिराज तांबोळी. राहायला नाना पेठेत, वयाने दशरथच्याच आगेमागे. इतकी वर्षं दोघांनी एकाच पत्र्याच्या शेडखाली ऊन टाळलेलं. एकाचं विमान उशिरा आलं आणि माणसं कमी पडली तर दुसऱ्याने हात द्यायचा, मग कंपनी कुठलीही असो. साहेबांना हे कधी कळलं नाही आणि त्यांना कळण्याची गरजही नव्हती.

‘‘दशरथभाऊ, तुमची वर्षं धरली तर माझी पोरं कंत्राटात जातात,’’ सिराज म्हणाला. ‘‘मी कुठल्या तोंडाने हो म्हणू?’’

‘‘आणि नाही धरली तर माझी जातात.’’

‘‘जातात.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, चहा घ्या.’’

चहा घेतला. त्यानंतर दोघांनी एकत्र चहा घेणं बंद केलं. भांडण झालं नाही, पण दोघांचेही लोक बघत होते.

सोमवारी सकाळी नीलगगनवाल्यांची द्वारसभा झाली, कर्मचाऱ्यांच्या गेटबाहेर, वडापावच्या गाडीशेजारी. कंपनीने एक तारखेपासून सगळ्यांना सगळ्या विमानांवर लावलं होतं. दशरथने सांगितलं, ते करायचं नाही. निळ्या शेपटीचं विमान आपलं, केशरी शेपटीचं त्यांचं. केशरी शेपटीच्या विमानाला हात लावायचा नाही. शुक्रवारी मोठे साहेब बोलणी करायला येणार होते, तोवर त्यांची विमानं उशिरा सुटली पाहिजेत, तरच आपल्या वर्षांचा विचार होईल. दुसरं हत्यार आपल्या हातात नाही, हे त्याने स्पष्टच सांगितलं.

‘‘आणि कुणी मधेच गळला तर?’’ पियुषने विचारलं. हा पियुष साळवे त्याच्याच टोळीतला, तिशीचा, तडफदार, युनियनमध्ये दशरथचा उजवा हात. डोकं तापायला त्याला वेळ लागत नसे.

सभेत बोलताना माणसाचं होतं तसं दशरथचं झालं. समोर चेहरे होते, घसा गरम झाला होता. तो म्हणाला, ‘‘कुणी गळणार नाही. माझ्या बापाचं सामान आलं तरी मी हात लावणार नाही!’’ टाळ्या पडल्या. अरे बाबा दशरथ, कशाला बोललास!

बहिष्कार लागला मात्र झकास. सोमवारी केशरी विमानं रखडली, मंगळवारी जास्त रखडली. कंपनीने दोन्हीकडचे मिळून लोडर धरून कावेरीच्या पाळीतली माणसं आधीच कमी केली होती, त्यामुळे सिराजच्या लोकांच्या नाकी नऊ आले. ते विमानाखाली धावपळ करत होते आणि नीलगगनवाले शेडखाली बसून बघत होते. बघत बसणं हे काम करण्यापेक्षा जड जातं, हे दशरथला त्या दोन दिवसांत कळलं. मंगळवारी सिराजचा एक माणूस उष्म्याने चक्कर येऊन बसला, तेव्हा पाण्याची बाटली न्यावी की नाही यावरसुद्धा शेडमध्ये चर्चा झाली. शेवटी नेली. पाण्याला बहिष्कार नाही, असं ठरलं.

बुधवारी दुपारी पेटी आली.

लोडर लोक नुसतं ‘पेटी’ म्हणतात. परगावचा माणूस पुण्यात वारला की त्याला गावी नेतात ते विमानाने, लाकडी खोक्यात, बॅगांच्याच जागेत. आणि पेटीची एक रीत होती. कुणी घालून दिली ते आता कुणाला माहीत नाही, पण लोहगावच्या सगळ्या लोडरांनी ती पाळली होती. बॅगा बेल्टवरून वर जातात. पेटी बेल्टवर ठेवायची नाही. सहा जणांनी टोप्या काढायच्या, पेटीला खांदा द्यायचा आणि हातांनीच विमानाच्या दारापर्यंत उचलायची. सहा जण कुठल्या कंपनीचे हे विचारायचं नाही. जो जवळ असेल त्याने यायचं. मेलेल्या माणसाचं कुणी तरी बहुधा त्याच विमानाने जात असतं, प्रवाशांच्या बसमधून बघत असतं. त्याला आपला माणूस पट्ट्यावरून सुटकेसीसारखा सरकताना दिसू नये, एवढंच.

त्या दिवशीची पेटी भुवनेश्वरला जायची होती. हिंजवडीला इमारतीच्या कामावरून पडलेला पोरगा. विमान केशरी शेपटीचं. सिराजकडे स्वतःला धरून चार माणसं, पलीकडे बॅगांचा ढीग, विमानाला आधीच उशीर. प्रवाशांची बस येऊन उभी होती आणि मागच्या काचेला एक सावळा माणूस तोंड लावून उभा होता. भाऊ असावा.

सिराजने शेडकडे पाहिलं. हाक मारली नाही. हाक मारली असती तर दशरथला ‘नाही’ म्हणता आलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण सिराजने फक्त पाहिलं, मग मान फिरवली आणि आपल्या माणसाला म्हणाला, ‘‘लाव बेल्ट.’’

बेल्ट सुरू झाला. दशरथ उठला.

‘‘दादा, बसा,’’ पियुष म्हणाला.

दशरथने टोपी काढली.

‘‘दादा, केशरी शेपटी आहे.’’

‘‘दिसतंय मला. डोळे अजून शाबूत आहेत.’’

‘‘दोनच दिवस राहिलेत हो! शुक्रवारपर्यंत कळ काढा ना!’’

‘‘पेटीला शुक्रवार कळत नाही,’’ दशरथ म्हणाला आणि उन्हात निघाला. आपल्या मागून कुणीतरी येईल असं त्याला वाटलं होतं. सहावा माणूस हवा होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही, आणि आलं कुणीच नाही. बोलणारा बोलून गेला होता, टाळ्या वाजवणारे आपला शब्द पाळत होते. त्यांना काय म्हणून नावं ठेवायची?

सिराजने बेल्ट बंद केला. पुढे तिघे, मागे सिराज आणि दशरथ. मागची बाजू जड होती आणि तिथला तिसरा नव्हता. दशरथच्या कमरेतून कळ थेट मानेपर्यंत गेली. ‘‘सांभाळा,’’ सिराज एवढंच म्हणाला. पेटी वर गेली. बसमधल्या माणसाने काचेमागे हात जोडले. दशरथने टोपी घातली, शेडमध्ये परत आला आणि आपल्या जागी बसला. शेजारचा माणूस जरा सरकून बसला. जागा करून देण्यासाठी नव्हे.

हे एवढ्यावर भागलं असतं. थोडे दिवस कुणी बोललं नसतं, मग बोलले असते. पण संध्याकाळी कंपनीच्या सगळ्या कामगारांच्या मोबाइलवर एक फोटो आला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी काढलेला. दशरथ आणि सिराज, खांद्याला खांदा, दोघांच्या मानेच्या शिरा ताठलेल्या. खाली लिहिलं होतं, ‘दोन कंपन्या, एक ताकद! आपलं नवं कुटुंब!’ आणि पेटी? पेटी कापून टाकली होती. मेलेल्या माणसाने बिचाऱ्यांच्या कुटुंबाची शोभा गेली असती ना. काय माणसं असतात! कुणालाही राग यावा असा तो फोटो होता, आणि दशरथला तोही राग नीट येईना. तो नुसता बघत बसला.

घरी कल्याणीने त्याच्या कमरेला बाम चोळला. तिलाही शेजारणीने फोटो दाखवला होता, वर अभिनंदनही केलं होतं.

‘‘अहो, खरं काय झालं?’’

त्याने सांगितलं.

‘‘बरोबर केलंत,’’ ती म्हणाली. जरा वेळ चोळत राहिली. ‘‘आता भोगा.’’

भोगायला फार वाट बघावी लागली नाही. गुरुवारी सकाळी नीलगगनचे चारपाच जण केशरी विमानावर कामाला उभे राहिले. त्यांना विचारलं तर म्हणाले, सेक्रेटरी जातो तर आम्हीच काय घोडं मारलंय? कंपनीच्या नजरेत आम्ही का वाईट व्हायचं? दुपारपर्यंत आणखी काही गेले. श्रद्धा मॅडम शेडपर्यंत चालत आल्या, दशरथला म्हणाल्या, ‘‘थँक यू हं काका, तुम्ही सुरुवात केलीत.’’ मनापासून म्हणाल्या हो, हेच वाईट. इकडे दशरथला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

दुपारची पाळी सुटल्यावर वडापावच्या गाडीशेजारी सगळे पुन्हा जमले. या वेळी सभा दशरथने बोलावली नव्हती. पियुषने बोलावली होती.

‘‘दादा, तुम्ही कंपनीला सामील झालात असं मी म्हणत नाही,’’ पियुष म्हणाला. ‘‘मी तिथेच होतो, मी पाहिलंय. पण इथे अर्धे लोक तसं म्हणतात, आणि उद्या शुक्रवार आहे. उद्या साहेब विचारतील, कुठाय तुमचा बहिष्कार? तेव्हा काय दाखवू, तुमचा फोटो?’’

कुणीतरी मागून म्हणालं, ‘‘पेटीचं निमित्त हो! आतून ठरलेलं सगळं!’’

‘‘गप रे!’’ पियुष त्याच्यावर खेकसला आणि पुन्हा दशरथकडे वळला. त्याचा आवाज खाली आला. ‘‘दादा, तुम्ही फक्त एवढं बोला. माझी चूक झाली. पुन्हा होणार नाही. पेटी असो, काही असो. एवढं बोललात की सगळे उद्या सकाळपासून बसतील, मी बसवतो त्यांना. नाही बोललात तर आपली वर्षं गेली. तुमची माझी सगळ्यांची.’’

दशरथने समोर पाहिलं. गुडघे गेलेला सुखदेव होता. दोन पोरींची फी भरणारा, पहाटे दूध टाकून कामाला येणारा एक होता. यातल्या निम्म्यांना त्यानेच कामाला लावलं होतं, एकेकाला वाकून बॅग कशी ढकलायची ते शिकवलं होतं. चूक झाली नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि चूक नव्हती असं आपण म्हणालो तर या लोकांच्या पोटावर पाय पडेल, हेही तितकंच ठाऊक होतं. इकडे आड, तिकडे विहीर. मनात आलं, कुणीतरी दुसऱ्याने हे बोलावं, दुसऱ्याने ठरवावं, आपण घरी जाऊन झोपावं.

‘‘चूक झाली,’’ तो म्हणाला.

‘‘मोठ्याने, दादा.’’

‘‘पेटीला खांदा दिला ही माझी चूक झाली. पुढे कुणी देऊ नये. त्याला बेल्ट आहे.’’

टाळ्या वाजल्या. पियुषने त्याचा हात धरून वर केला. त्या हाताखालून दशरथला गाडीच्या पलीकडे सिराज दिसला, हातात चहाचा ग्लास. पाळी संपवून नेहमीसारखा चहाला थांबला होता, सगळं ऐकलं होतं. गर्दी पांगल्यावर दशरथ त्याच्याकडे गेला.

‘‘बोलायलाच हवं होतं तुम्हाला,’’ सिराज म्हणाला. ‘‘तुमच्या जागी मीही बोललो असतो.’’ चहाचा ग्लास गाडीवर ठेवला आणि निघून गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर दशरथला बरं वाटलं असतं.

शुक्रवारी सकाळी नीलगगनचा एकही माणूस केशरी शेपटीकडे फिरकला नाही. विमानं अशी रखडली की प्रवाशांनी काउंटरवर आरडाओरडा करून मोठ्या साहेबांना घाम फोडला. संध्याकाळी समझोता झाला. नीलगगनवाल्यांची सगळी वर्षं धरायची, आणि जास्तीची माणसं कंत्राटदाराकडे न पाठवता, निवृत्त होणाऱ्यांच्या जागा न भरता हळूहळू जिरवायची. सिराजचीही पोरं वाचली. दोन्ही युनियनचे लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, पेढे वाटले, दशरथला खांद्यावर घेतलं. सही करताना कंपनीने आपलं एक कलम घातलं, की यापुढे सर्व भार यंत्रानेच चढवायचा, हाताने उचलायचा नाही. पाठीची दुखणी टळतात आणि वेळही वाचतो. ‘‘तुमच्याच सेक्रेटरींचं हे म्हणणं आहे ना?’’ साहेब म्हणाले. कुणी हरकत घेतली नाही. आनंदाच्या भरात कोण बघतो? सिराजने सही केली, दशरथनेही केली.

आता सगळ्यांचा गणवेश एकच आहे. शेपट्यांना एकच रंग दिलाय, तोही कुणाला धड आवडत नाही. वर्षं धरल्यामुळे दोन्हीकडच्या लोडरांत दशरथ सगळ्यांत ज्येष्ठ ठरला आणि त्याला विमानाखालचा सुपरवायझर केलं. वाकावं लागत नाही. हातात वॉकीटॉकी असतो. सिराज आणि पियुष त्याच्याच हाताखाली, एकाच टोळीत, बॅगा ढकलता ढकलता एकमेकांची टिंगल करत असतात. बघून बरं वाटतं, नाही असं नाही.

मध्यंतरी एका सकाळी रांचीच्या विमानाला पेटी आली. समझोत्यानंतर दशरथच्या पाळीतली पहिलीच. ट्रॉली येऊन थांबली. कुणी काही सांगितलं नाही, पण हातातल्या बॅगा ठेवून एकेक जण येऊन उभा राहिला. सिराज आला. सुखदेव लंगडत आला. पियुष आला आणि त्यानेच सगळ्यांत आधी टोपी काढली. सहा झाले, सातवा आला, आठवा आला. सगळे दशरथकडे बघत राहिले.

‘‘दादा, उचलू ना?’’ पियुषने विचारलं.

वरच्या मजल्यावर खिडक्या होत्या. ज्या कागदाने या सगळ्यांची वर्षं वाचली होती, त्याच कागदावर ते कलमही होतं. एक कलम तुम्ही मोडलंत तर दुसरं आम्हीही मोडू, असं म्हणायला कंपनीला फार विचार करावा लागला नसता. दशरथने आठही जणांकडे पाहिलं. एवढी माणसं पेटीला कधीच जमली नव्हती.

‘‘बेल्टवर ठेवा,’’ तो म्हणाला.

त्यांनी ठेवली, हळू, कोपरे न आपटता. पण बेल्टचं बटण दाबायला कुणी पुढे होईना. पियुष होईना, सिराज खाली बघत उभा. प्रवाशांची बस येऊन थांबलीच होती. दशरथने वॉकीटॉकी काखेत धरला, बसकडे पाठ केली आणि बटण स्वतःच दाबलं.